शेवटचा आकडा

कलेक्टर कचेरीच्या कुंपणाला पाठ लावून
माझं टेबल, छत्री आणि जुना टाइपरायटर,
ज्याचा 'क्ष' तुटलाय.
'संरक्षण' लिहिताना मी तिथं जागा सोडतो
आणि मागाहून निळ्या पेनानं भरतो.
केरबा डोण्यांच्या अकरा अर्जांत
असे निळे क्ष किती, मोजले नाहीत.

पहिल्यांदा आले तेव्हा उभ्यानंच बोलले.
नाईक, मराठा पलटण, एकाहत्तर साल.
पिशवीत डिस्चार्ज बुक, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं,
आणि एक एक्स-रे.
तो त्यांनी उन्हाकडं धरला:
मांडीच्या हाडाशेजारी तांदळाएवढा पांढरा ठिपका.
"ह्यो कागुद न्हवं?" म्हणाले.

कार्यालयाच्या लेखी तो कागद नव्हता.
कार्यालयानं कळवलं, जखमेची नोंद आढळत नाही.
कळवलं, दवाखान्याची कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली आहेत.
कळवलं, आपला नंबर पुन्हा तपासून पाठवावा.
पाठवला. शेवटचा आकडा सात.
त्या सातवर मी बोट असं मारलं
की तिसऱ्या प्रतीला भोक पडलं.

पहिल्या चार अर्जांचे पैसे घेतले मी.
पुढं ते काकवी आणू लागले,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.

अकराव्याला बेळगावहून उत्तर आलं.
पदक दिलेलं आहे. एकनं संपणाऱ्या नंबराला.
रवळू जानबा गावडे, तालुका चंदगड, मयत.

एकाच भरतीतले दोघं, म्हणून नंबर शेजारी.
इंग्रजी सातची टोपी कुणीतरी विसरलं होतं.
कुणी? असेल माझ्यासारखाच एखादा,
तंबूत, कंदिलाजवळ, बोटं गारठलेला.

मी खूश झालो. बाराव्या अर्जाचा कागद लावला.
"थांबा," म्हणाले. "आधी जाऊन येतो."

सीबीएसवरून सकाळची चंदगड गाडी.
तीन दिवस पत्ता नाही.
चौथ्या दिवशी त्यांनी टेबलावर रताळी ठेवली,
मातीसकट,
आणि बसले. पहिल्यांदाच बसले.

"देव्हाऱ्यात ठेवलंय म्हातारीनं,
देवाच्या टाकाजवळ.
कुंकू लावून लावून फितीचा रंग कळंना.
पलटणीतला म्हटल्यावर भाकरी टाकली तिनं.
मग इचारलं,
ह्येंना कुठं लागलं हुतं?
पोस्टानं नुस्तं मेडल आलं.
कुठं लागलं, ते कुणी सांगितलंच न्हाई."

रवळू गावडे लंगरात होता. भाजी चिरायचा.
लढाई थांबली, त्याच थंडीत तापानं गेला,
सुट्टीवर निघायच्या आधी.

"मग? काय सांगितलंत?"

डोण्यांनी रस्त्याकडं बघितलं.
एक केएमटी गेली, दुसरी गेली.
"मांडीत म्हटलं. डाव्या."

मी गप्प. तेच पुढं म्हणाले,
"आता असं लिवा मास्तर,
माझं मला द्यावं,
पर तिकडचं खोडू नये.
बसतंय का बघा कुठं."

बसत नाही.
नमुन्यात रकाने दोनच:
चुकीची नोंद. बरोबर नोंद.
एक मेल्याशिवाय दुसरी जगत नाही,
हे मी तीस वर्षं टाइप करतोय,
सात-बारा, जन्मदाखले, आडनावं, वारस.
तिसरा रकाना मागणारा हा पहिलाच.

'विषय' लिहून दोन टिंबं दिली.
पुढं काही सुचेना.
ते डावी मांडी चोळत बसलेले,
घाई नसल्यासारखे.
वय एक्क्याऐंशी.

मग विषयाची ओळ तशीच ठेवून
मी खाली उतरलो, पत्त्यावर.
प्रति, सचिव, संर,
तिथं एक घर रिकामं सोडलं,
आणि पुढं गेलो.